विचारताय की सांगताय?

कोथरूडहून लोहगावला पोचायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात आमचं विमान पुण्याहून निघून दिल्लीच्या निम्म्या वाटेवर पोचलेलं असतं. तक्रार नाही, वस्तुस्थिती सांगते आहे. मी स्कूटरनं जाते. युनिफॉर्मवर नवऱ्याचं जुनं जर्किन चढवते, कारण एकदा ते नव्हतं तेव्हा विद्यापीठाच्या चौकात शेजारच्या रिक्षातल्या काकांनी माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या निरखून विचारलं होतं, "सिक्युरिटीत का? कुठल्या मॉलला?" सिग्नल सुटेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही, याचा राग मला अजून आहे.

मी एका उद्योगपतींचं खासगी विमान चालवते. चौदा आसनांचं, मोठं, आतून सायीच्या रंगाचं. गालिचाही सायीच्याच रंगाचा, त्यामुळे दारातच सगळ्यांनी बूट काढायचे आणि आम्ही ठेवलेल्या मऊ सपाता घालायच्या. लोकांना वाटतं, खासगी विमानाचे पायलट म्हणजे काळा चष्मा लावून ढगांकडे बघत बसणारी माणसं. प्रत्यक्षात उडणं हा आमच्या नोकरीतला सगळ्यात छोटा भाग आहे. जवळच्या फेरीला आम्ही दोघं पायलट सोडले तर कुणी नसतं. मग वर्तमानपत्रं दुमडून ठेवणं, साहेबांच्या घरून आलेला दहीभाताचा डबा फ्रीजमध्ये नीट बसवणं, उशा झटकणं, बाथरूममधला कागद संपला नाही ना हे बघणं, हे सगळं आमच्याकडेच. आणि मग वाट बघणं. साहेबांची मीटिंग दोन तासांची म्हणून सुरू होते आणि सहा तास चालते. परक्या गावच्या विमानतळावर आम्ही चहा पीत बसतो. मला हे सगळं मनापासून आवडतं. कुठलेही दोन दिवस सारखे नसतात, आणि दार लावून घेतलं, इंजिनं सुरू झाली की पोटात जो आनंद होतो तो पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही आहे.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट चौथ्या पट्टीची आहे. को-पायलटच्या खांद्यावर तीन पट्ट्या असतात, कॅप्टनच्या चार. मी तीन पट्ट्यांवर आठ वर्षं काढली होती. तास पुरेसे झाले होते, परीक्षा झाल्या होत्या. राहिली होती ती आमच्या मोठ्या कॅप्टनची शिफारस. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकायला अजून अवकाश असलेले, केसांत नीट भांग पाडणारे सभ्य गृहस्थ. त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचे. त्यांनी 'हो' लिहिलं तर मला डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीचं ट्रेनिंग मिळणार होतं. त्यांनी लिहिलं ते असं: हात उत्तम. अभ्यास उत्तम. बोलत नाही.

ते वाचून माझं डोकंच फिरलं. मी बोलत नाही? हँगरमधल्या मेकॅनिकपासून सुरक्षेच्या ताईंपर्यंत सगळ्यांच्या घरची हालहवाल मला पाठ. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, हे शेवटचं वाक्य जरा मला कळलं नाही."

"गेल्या आठवड्यात," ते शांतपणे म्हणाले, "आपल्याला सहा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं होतं. मी चुकून पाच हजार लावले. तुम्हाला दिसलं होतं?"

"लगेच दिसलं होतं, सर."

"तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. विमानात आम्ही इंग्रजीत बोलतो, पण मराठीत सांगायचं तर मी म्हणाले होते, "सर, आपल्याला सहाच सांगितले होते का?"

"तेव्हाही मी तुम्हाला विचारलं होतं, विचारताय की सांगताय? तुम्ही म्हणालात, सॉरी सर." त्यांनी वही मिटली. "तेवढ्यात आपण दीडशे फूट जास्त खाली गेलो. चूक माझी होती आणि सॉरी तुम्ही म्हणालात. अजून तीन महिने आहेत, मॅडम. बघू."

हे माझ्यात आलं कुठून, ते मला पक्कं माहीत आहे. माझं माहेर हडपसरच्या पुढचं. वडिलांचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. आमच्याकडे मोठ्यांना चूक दाखवायची नसते, मोठ्यांना प्रश्न विचारायचा असतो. वडील स्कूटर चालवायचे, मी पुढं उभी, आई मागं. वडील वळण चुकले की आई म्हणायची, "आवो, इकडून बी रस्ता हाय का?" वडिलांना तो खरंच प्रश्न वाटायचा. ते म्हणायचे, "आसंल की." आणि आम्ही मामाच्या गावाऐवजी भलत्याच गावात जाऊन उसाचा रस पिऊन परत यायचो. स्कूटरला ते चालतं. एकदा तर त्या भलत्या गावात आईची वर्गमैत्रीण भेटली आणि आम्ही जेवूनच निघालो. विमानाला मात्र चुकलेल्या वाटेवर वर्गमैत्रीण भेटत नाही.

आणि सासर कोथरूडचं. माझ्या सासूबाई मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना प्रश्नचिन्ह माहीत आहे, पण ते त्या फक्त प्रश्नाला लावतात. कुरिअरवाल्यानं दोनदा बेल वाजवली तर दार उघडून म्हणतात, "दोनदा वाजवल्यानं माझे गुडघे बरे होत नाहीत." मी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी खांद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तीन पट्ट्या खारीलाही असतात." पुढं त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि डोळे पुसले, हेही सांगायला हवं. लग्न झाल्यावर पहिलं वर्ष मी त्यांना घाबरून होते. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की या घरात कुणाच्या मनात काय आहे ते ओळखत बसावं लागत नाही, आणि मला हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी चहाच्या टेबलावर बसून सगळं सांगितलं. आठ वर्षं, आणि अडलं कशात, तर बोलण्यात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पूर्ण ऐकून घेतलं.

"बरोबर लिहिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "तू मला काल काय म्हणालीस? आई, आमटीला मीठ घालायची पद्धत असते का तुमच्याकडे? मी म्हटलं, असते. आणि आपण तिघांनी अळणी आमटी खाल्ली."

नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"उद्यापासून मी कॅप्टन," आई म्हणाल्या. "रोज सकाळी नाश्त्याला मी एक चूक करणार. मुद्दाम. तू ती पकडायची आणि सांगायची. तीन शब्दांच्या वर बोलायचं नाही. 'जरा' नाही, 'बहुतेक' नाही, 'मला वाटतं' नाही, आणि शेवटी 'का' तर अजिबात नाही. चुकलीस तर मोठा कुकर तू घासायचा. आणि सांगितल्यावर कॅप्टन काय म्हणतो?"

"चेक्ड म्हणतो. म्हणजे ऐकलं, बघितलं, दुरुस्त करतो."

"चेक्ड," त्यांनी म्हणून बघितलं. शब्द त्यांना आवडला. पुढच्या आठवड्यात त्या दूधवाल्यालाही चेक्ड म्हणायला लागल्या आणि तोही उलट चेक्ड म्हणायला लागला.

पहिल्या सकाळी त्यांनी पोह्यात मिठाऐवजी साखर घेतली. चमचा हवेत होता. माझ्या तोंडून निघालं, "आई, ती साखर आहे ना?" साखर पोह्यात पडली. "हो, साखरच आहे," त्या म्हणाल्या आणि कुकरकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडली. मी म्हणाले, "आज बुधवारच आहे बहुतेक." कुकर. तिसऱ्या दिवशी पिठल्यात गूळ. मी तोंड उघडून मिटलं. नवरा बिचारा गोड पिठलं खाऊन ऑफिसला गेला आणि जाताना म्हणाला, "तुमच्या विमानात मी प्रवासी आहे, एवढं लक्षात असू द्या."

पंधरा दिवसांत माझे हात कुकर घासून घासून खरखरीत झाले. मग हळूहळू जमायला लागलं. "आई, मीठ." "आई, गॅस मोठा." "आई, चष्मा उलटा." पहिल्यांदा "आई, थांबा" म्हणाले तेव्हा मीच एक पाऊल मागं सरले. माझ्या माहेरी कुणी सासूला थांबा म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नव्हतं. आई थांबल्या. "चेक्ड," म्हणाल्या आणि मला एक जास्तीची बाकरवडी दिली. मी तिशी ओलांडलेली बाई, पण ती बाकरवडी मी शाळेतल्या बक्षिसासारखी चवीनं खाल्ली.

दुसऱ्या महिन्यातली एक सकाळ मला विशेष आठवते. आई सात वाजता रक्तदाबाची गोळी घेतात. त्या दिवशीही घेतली, माझ्यासमोर, पाण्याबरोबर. साडेआठला नाश्त्याला बसल्या, वर्तमानपत्र उघडलं, आणि वाचता वाचता पाकिटातून दुसरी गोळी काढून तोंडाकडे नेली.

"आई, थांबा. गोळी झालीय."

मी विचारसुद्धा केला नव्हता. हात जागच्या जागी राहिला. आईंनी गोळीकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चेक्ड," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "बघत होते, बोलतेस का."

मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आई, आजवरची ही सगळ्यात भारी होती, मला खरी वाटली. त्या वर्तमानपत्र घेऊन खोलीत गेल्या. दुपारी भूक नाही म्हणाल्या. पाच वाजता चहाला बाहेर आल्या आणि सोसायटीच्या वॉचमनला पंपावरून नेहमीसारखं फैलावर घेतलं. मी त्या दिवशी माझ्याच आनंदात होते. घरभर गुणगुणत फिरले आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की मला जमलं.

तीन महिने संपत आले तेव्हा ती हैदराबादची फेरी आली. साहेबांची मीटिंग नेहमीप्रमाणे लांबली. एरवी ते घड्याळाकडे बघत नाहीत. त्या दिवशी शिडी चढताचढताच म्हणाले, "पाचला नातीचं स्नेहसंमेलन आहे. नाटकात आहे ती. कासव. कॅप्टन, पोचायलाच हवं." पुण्यातली शाळा, म्हणजे पाचचा कार्यक्रम पाचला सुरू होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

विमान मोठे कॅप्टन चालवत होते. माझं काम लक्ष ठेवायचं आणि बोलायचं. पुणं जवळ आलं तेव्हा खाली आधीच विमानांची रांग होती, त्यामुळे आम्हाला बराच वेळ वरच ठेवलं आणि मग एकदम उतरायला सांगितलं. उंची जास्त, वेग जास्त, अंतर कमी. कॅप्टन कुशल माणूस. त्यांनी नाक खाली केलं, जे जे बाहेर काढून वेग मारता येतो ते सगळं काढलं. आमचा नियम असा की जमिनीपासून हजार फुटांवर आलं की वेग, उंची, सगळं जागच्या जागी बसलेलं हवं. नसेल तर उतरायचं नाही. पुन्हा वर जायचं आणि एक फेरी मारून नीट यायचं. दोघांपैकी कुणीही 'गो अराउंड' म्हटलं की विमान चालवणाऱ्यानं वाद न घालता वर जायचं.

हजार फूट आले. वेग वीस नॉट जास्त होता.

"जमेल," कॅप्टन म्हणाले. स्वतःशीच म्हणाले.

समोर धावपट्टी स्वच्छ दिसत होती. मागं साहेब पट्टा लावून, सपातांतले पाय हलवत बसलेले. चाळीस वर्षं विमानं चालवलेला माणूस माझ्या शेजारी. 'सर, वेग थोडा जास्त वाटतोय का?' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी तयार, माझ्या आईच्या आवाजात. त्याच्या मागून दुसऱ्या आईंचा आवाज आला: कुकर.

"वेग जास्त. गो अराउंड," मी म्हणाले.

"गो अराउंड," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी इंजिनांचा आवाज वाढला. आम्ही वर गेलो. पुढचं सगळं पाठ केलेलं काम होतं, हात आपोआप चालत होते. वळण घेताना दूर खडकवासल्याचं पाणी उन्हात चमकताना दिसलं आणि माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही, कारण तेही नियमात बसत नाही.

बारा मिनिटांनी आम्ही अलगद उतरलो. दार उघडलं तर साहेब दारातच.

"काय झालं होतं?"

"मी घाई करत होतो, साहेब," कॅप्टन म्हणाले. "मॅडमनी थांबवलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता गेली नोकरी. ते म्हणाले, "बरं केलंत," आणि शिडीवरून धावतच गाडीकडे सुटले. सपाता घालून. त्यांचे काळे बूट दारातल्या टोपलीतच राहिले होते. विमानं उभी करतात त्या जागी पळायचं नसतं, म्हणून मी ते बूट दोन हातांत धरून जगातलं सगळ्यात वेगवान चालणं चालले आणि गाडीच्या खिडकीतून आत दिले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कासवाची एंट्री दुसऱ्या अंकात होती, आजोबा वेळेत पोचले, आणि टाळ्या वाजवताना त्यांच्या पायात सपाताच होत्या, कारण घाईत बूट गाडीतच राहिले.

विमान आवरताना मी धीर करून कॅप्टनना विचारलं, "सर, मुद्दाम केलं होतंत? माझी परीक्षा म्हणून?"

"नाही हो," ते उशी झटकत म्हणाले. "चुकलो होतो."

एवढं सरळ उत्तर मी अपेक्षित धरलं नव्हतं. त्यांनी त्या संध्याकाळी माझ्या कागदावर आधीच्या शेऱ्याखाली एकच शब्द लिहिला: बोलते. घरी येऊन मी तो आईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांचे कुकर, आणि शेरा एका शब्दाचा." पण त्या कागदाचा फोटो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, हे मला नवऱ्याकडून कळलं.

पुढं ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, चौथी पट्टी आली. आई म्हणाल्या, "गेलीस एकदाची खारीच्या पुढं." माहेरून वडील आणि आई पेढे घेऊन आले. कोथरूडमध्ये घर सापडेना म्हणून तासभर उशिरा आले. आईनं वाटेत बरेच प्रश्न विचारले असणार.

कॅप्टन झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एका मोठ्या विमानतळावर मी विमान धावपट्टीकडे नेत होते. माझा को-पायलट अबोल माणूस. दोन वाक्यांत दिवस काढणारा. मी डावीकडे वळायला घेतलं आणि तो म्हणाला, "डावीकडे नाही. उजवीकडे."

माझे कान तापले. आधी वाटलं, हा कोण मला सांगणारा. मग नकाशा बघितला. उजवीकडेच होतं. "चेक्ड," मी म्हणाले आणि उजवीकडे वळले.

घरी येऊन हेल्मेट ठेवलं तेव्हा आई चहा गाळत होत्या. मी म्हटलं, "आई, आज मला कुणीतरी थांबवलं."

"राग आला?"

"आला."

"किती वेळ?"

"दोन सेकंद."

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. स्वतःचा घेऊन बसल्या. "बरं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मला त्या गोळीच्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले होते."

मी कप खाली ठेवला. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून परत गेला: हवेत थांबलेला हात, पाकिटाकडे बघणं, न जेवलेली दुपार. आणि टाळ्या वाजवणारी मी. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला या घरात जागा नव्हती.

"रडायचं काय त्यात," आई म्हणाल्या. "विसरले होते. तू सांगितलंस म्हणून बरं झालं. वारांच्या खणांची ती गोळ्यांची डबी मिळते ना, ती आण उद्या. आणि सकाळी निघण्याआधी माझ्या गोळीचं तू म्हणायचंस."

"घेतली का म्हणून विचारू?"

"विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचं."

आता रोज सकाळी मी जर्किन चढवते, हेल्मेट हातात घेते आणि दारातून म्हणते, "आई, गोळी." आतून डबीचं झाकण वाजतं. "चेक्ड," आई म्हणतात. मग मी लोहगावला निघते.